एक्केचाळीस हजार तीनशे बारा तास

तासकाकांना हे नाव कुणी दिलं ते आता सांगता येणार नाही, पण चिकटलं ते त्यांच्या पहिल्या प्रश्नामुळे. कॉम्प्युटरची बिघडलेली डिस्क घेऊन माणूस दुकानात शिरला, की आधी त्याचं रडगाणं सुरू व्हायचं. फोटो दिसत नाहीत, लिहिलेलं पुस्तक उघडत नाही, नातीचं पहिलं पाऊल गेलं. काका एक हात वर करून त्याला थांबवायचे आणि विचारायचे, "हिचे तास किती झालेत?"

डिस्क आयुष्यात किती तास चालली याची नोंद ती स्वतःच्याच पोटात ठेवते, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. काका डिस्क वायरीला जोडायचे, पडद्यावर आकडा उमटायचा, तो ते मोठ्यांदा वाचायचे आणि निकाल द्यायचे. नऊ हजार म्हणजे अजून कॉलेजात आहे. अडतीस हजार म्हणजे हिला आता घरी बसून नातवंडं सांभाळू द्या, कामाला जुंपू नका. रडत आलेला माणूसही यावर हसायचा.

दुकान जिन्याखाली होतं, चष्मेवाल्याला लागून. उंच माणसाचं डोकं पायरीला आपटेल एवढीच जागा, आणि काका नेमके उंच. त्यामुळे ते दुकानात कायम मान तिरकी करून वावरायचे आणि बाहेर रस्त्यावर आल्यावरही थोडा वेळ तसेच चालायचे. आत एक टेबल, दोन स्टुलं, भिंगाचा दिवा, आणि मागच्या फळीवर पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या डिस्का. प्रत्येकीच्या कडेला कागदाची पांढरी पट्टी चिकटवलेली. पट्टीवर निळ्या शाईत बारीक, सरळ अक्षर: कुणाची, कधी आली, तास किती.

पट्टीमागची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. तरुणपणी ते टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर गेले तसे ते कॉम्प्युटरकडे वळले. एके दुपारी टेबलावर एकसारख्या दोन डिस्का पडल्या होत्या. एक रिकामी करायची होती, दुसरी एका फोटोग्राफरची, जपायची. काकांनी चुकीची पुसली. त्या डिस्कवर नऊ लग्नं होती. फोटोग्राफर म्हणाला, मी बघतो लोकांचं, तू येऊ नकोस. पण काका नऊच्या नऊ घरी स्वतः गेले आणि माझ्या हातून झालं म्हणून सांगून आले. एका घरी नवरीने त्यांना जेवायला बसवलं. एका घरी सासऱ्याने जिन्यापर्यंत ढकलत आणलं. तेव्हापासून पट्टीशिवाय एकही डिस्क त्यांच्या टेबलावर टेकली नाही. "तोंडाने मी काहीही बोलेन ताई," ते म्हणाले, "पट्टीवर नाही."

मला हे ऐकून केवढा धीर आला होता.

मी घाबरट बाई आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लेक दहा मिनिटं उशिरा आली तर मी खिडकीत, पंधरा मिनिटं झाली तर जिन्यात. हे लेकीला म्हणतात, तुझ्या आईला काळजीचं काही मिळालं नाही तर ती मिळेपर्यंत काळजी करते. लेक मुलांच्या बोलण्यावर संशोधन करते. बावीस मुलं, ती वर्षाची असल्यापासून चार वर्षांची होईपर्यंत, दर पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन अर्धा तास चित्रण करायचं. एक कॅमेरा मुलाच्या तोंडाकडे, दुसरा आईच्या. मूल दोन शब्द जोडायला कधी लागतं, तिसरा कसा अडकवतं, ते ती बघते. एक मुलगी अकरा आठवडे दिसेल त्या पुरुषाला 'बाबा' म्हणत होती, कॅमेऱ्याच्या तिपाईलासुद्धा. ती ज्या दिवशी थांबली तो दिवस लेकीजवळ आहे.

पालकांच्या परवानगीपत्रात स्पष्ट लिहिलंय की हे चित्रण इंटरनेटवर कुठेही चढवलं जाणार नाही. म्हणजे सगळं घरातच ठेवायचं. पहिल्या वर्षाची एक प्रत तिच्या मार्गदर्शक बाईंकडे होती. तोवर घरातल्या छोट्या डिस्का भरून वाहायला लागल्या आणि मोठी सोय करणं भाग पडलं. तेव्हा मी तिला काकांकडे घेऊन गेले. माझ्याहून ते सहाच वर्षांनी मोठे, पण लेक काका म्हणायला लागली म्हणून मीही म्हणायला लागले, आणि ते मला ताई.

लेकीने निवड करूनच ठेवली होती. बाजारात मिळते तेवढी सगळ्यात मोठी डिस्क, एका पेटीत एकत्र चालवायला चार नग, एकाच ऑर्डरमध्ये, उद्या घरपोच. काकांनी तिच्या फोनवर ती पानं वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाळ, ही कौलं आहेत."

मग समजावून सांगितलं. काही डिस्का आपल्या ओळी एकमेकींवर चढवून लिहितात, छपरावरच्या कौलांसारख्या. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. एकदा भरून ठेवून द्यायला त्या उत्तम. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची सगळी उचलावी लागतात. चौघी मिळून एका पेटीत काम करताना अशी डिस्क मागे पडते, आणि बाकीच्या तिघींना वाटतं ही मेली. हे खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही. कंपनीचा तपशिलाचा कागद शोधून वाचावा लागतो. लेकीने तिथेच शोधला. खोक्यावर 'घरगुती साठ्यासाठी' असं ऐटीत लिहिलेलं होतं आणि आतल्या कागदावर, सातव्या पानाच्या तळाशी, कौलं. माझी पदवीधर लेक लाल झाली.

सगळ्यात मोठी डिस्कही काकांनी घेऊ दिली नाही. ती नवी असते, तिचं म्हातारपण अजून कुणी पाहिलेलं नसतं. त्याखालची घ्या, जिच्याबद्दल लोकांनी दोन-तीन वर्षं तक्रारी करून झाल्यात. मग ठरली ती एकेक सोळा टेराबाइटची, रात्रंदिवस फिरण्यासाठीच बनवलेली. चारही एका दुकानातून घ्यायच्या नाहीत, कारण एका खोक्यातल्या चौघी एकाच हमालाने आपटलेल्या असतात. दोन इथून, दोन पंधरा दिवसांनी दुसऱ्या शहरातून. आल्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येकीला काठोकाठ भरायचं, पुन्हा वाचून बघायचं, चार दिवस हाच उद्योग, आणि मगच खरं काम द्यायचं. हे म्हणाले, एवढी चौकशी तर हिने लग्नाआधी माझीही केली नव्हती. काका म्हणाले, "म्हणून ताईंना काळजी करायची सवय लागली."

शेवटी पेटी आमच्या बोळकांडीतल्या कपाटात बसली. बुटांच्या खोक्याएवढी, पुढे चार ट्रे, प्रत्येकावर हिरवा दिवा. काकांनी चारही डिस्कांना पट्ट्या लावल्या, एक ते चार, तास शून्य. मग मला जवळ बोलावून सांगितलं की चारातल्या दोन जागा माल ठेवायला आहेत आणि दोन धीर ठेवायला. कुठल्याही दोन डिस्का गेल्या तरी सगळं शाबूत राहील. तिसरी गेली तर मात्र काही उरणार नाही. आणि एखादी गेली की पेटी वाजेल. शिवाय शक्य तेव्हा दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, पेटी म्हणजे प्रत नव्हे, हेही त्यांनीच बजावलं. ते तेवढं आमच्याकडून राहिलं. मोठ्या डिस्का बाजारातून नाहीशा झाल्या आणि आम्ही पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत बसलो.

मी एक वही केली. दर रविवारी कॉम्प्युटरवर पेटीचं पान उघडायचं आणि चौघींचे तास लिहायचे. सात दिवसांत एकशे अडुसष्ट वाढले की मला बरं वाटायचं.

वाजण्याचा मात्र त्रास झाला. वीज जाऊन परत आली की पेटी किंचाळायची आणि मी हातातलं टाकून बोळकांडीत धावायचे. पहिल्या चार महिन्यांतच मी काकांना म्हटलं, हा आवाज बंद करता येतो का? ते तिरक्या मानेने माझ्याकडे बघत राहिले. "ताई, तिला तेवढी एकच जीभ आहे. ती कापायला मला सांगू नका." मला माझीच लाज वाटली. असा माणूस आपल्याला मिळाला याचं अप्रूप वाटलं.

वर्ष झालं असेल. एका दुपारी काका न सांगता आले, म्हणाले जवळच आलो होतो, धूळ काढून जातो. लेक चित्रणाला गेली होती. आदल्या आठवड्यात वीज तीनदा गेली होती, म्हणून मी बोलता बोलता पुन्हा म्हटलं की तो आवाज अगदी जीव घेतो. या वेळी ते लगेच म्हणाले, करून टाकतो बंद. मी म्हटलं, पण तुम्हीच म्हणाला होतात... तर म्हणाले, आता पेटी घरात रुळलीय, भीतीचं कारण नाही. वही बघून हसले. "आणि ही वही मिटा आता. तास मोजून कुणाचं आयुष्य वाढत नाही. ते बघायला मी आहे." मी चहा ठेवायला आत गेले. दोन महिन्यांनी ते पुन्हा धूळ काढायला आले, तेव्हा मी बिस्किटंही ठेवली. ती त्यांनी चहात बुडवून खाल्ली. जाताना मी त्यांना धन्यवाद म्हटलं. आवाज गेल्यापासून दुपारी जरा पडता येतं, असंही सांगितलं. काकांनी बूट घालता घालता मान हलवली.

त्या दुपारी मला कुणी विचारलं असतं की घराबाहेरचा एक भरवशाचा माणूस सांग, तर मी विचार न करता त्यांचं नाव घेतलं असतं.

आठ महिने गेले. चित्रण संपलं, प्रबंध द्यायला दोन महिने उरले. एका गुरुवारी सकाळी लेक एक तुकडा बघत होती. मुलाचं तोंड उघडं राहिलं आणि चित्र तिथेच थिजलं. ती बोळकांडीत गेली. दुसऱ्या ट्रेवर लाल दिवा होता, चौथ्यावर पिवळा. पेटीचं पान उघडलं तर तीन दिवसांपासूनचे निरोप साठलेले: दुसरी डिस्क बंद पडली. चौथीत चुका. चौथीत चुका. चौथीत चुका.

"आई, ही वाजली कशी नाही?"

मी सांगितलं, मीच बंद करायला लावला होता आवाज. तिने दुसरा ट्रे ओढून काढला. पट्टी होती, पण आतल्या बाजूला तोंड करून. तिने डिस्क फिरवली आणि मोठ्यांदा वाचलं, जसं काका वाचायचे.

"वापरलेली. लावताना तास ४१,३१२."

अक्षर निळं, बारीक, सरळ. खाली तारीख. मी वही आणली. शेवटची नोंद त्या तारखेच्या आधीच्या रविवारची होती, म्हणजे काकांनी वही मिटायला लावली तीच दुपार. मग लेकीने पडद्यावर उरलेल्या तिघींचे तास काढले. पहिली आणि तिसरी सोळा हजारांच्या आसपास, बरोबर आमच्या घरात आल्यापासूनचे. चौथी सत्तेचाळीस हजारांच्या वर. ती आमची नव्हतीच. दुसरीही आमची नव्हती. आमच्या कपाटात, आमच्या पेटीत, दोन परक्या म्हाताऱ्या डिस्का आठ-दहा महिने लेकीची मुलं सांभाळत होत्या.

लेक म्हणाली, आत्ता भांडायला वेळ नाही, आणि विद्यापीठातल्या तिच्या विभागातून डिस्का उसन्या मिळतात का बघायला निघून गेली. पहिली आणि तिसरी अजून धडधाकट होत्या, पण चौथी गेल्यावर यातली एक जरी गेली असती तर दोन वर्षं संपली असती. आणि ती मुलं काही पुन्हा दोन वर्षांची होणार नव्हती.

मी काकांना फोन केला. वीस मिनिटांत आले. मी ट्रे त्यांच्या हातात दिला.

"ही पट्टी तुमच्या हातची आहे."

"माझीच आहे."

"एक्केचाळीस हजार."

"तीनशे बारा," ते म्हणाले.

याचा मला जो संताप आला तो आजही पूर्ण उतरलेला नाही. चोरी करायची आणि वर आकडा चुकू द्यायचा नाही. मी विचारलं, आमच्या दोन कुठे आहेत. ते स्टुलावर बसले आणि सरळ सांगायला लागले, जणू मी एखादी रस्त्याची दिशा विचारली होती. नाक्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंची पेटी एका सकाळी बंद पडली. तिच्यात तिथल्या सगळ्या पेशंटांच्या जबड्यांची चित्रं. बाजारात डिस्क नाही. काकांकडे एका बंद झालेल्या कंपनीच्या जुन्या डिस्का होत्या, पण दवाखान्याची पेटी दिवसभर राबते, तिथे त्या टिकल्या नसत्या. म्हणून त्या आमच्याकडे आल्या आणि आमची एक तिथे गेली, दोन महिन्यांनी तिथली आणखी एक बंद पडली तेव्हा दुसरीही. नवा माल आला की आमच्या जागी नव्या लावायचं ठरवलं होतं. माल आला, पण तोवर नकाशे काढणाऱ्या एका पोराची अडचण आली. मग आणखी कुणाची. अशी फिरवाफिरवी ते किती घरांत करत होते ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. त्यात त्यांना एक पैसा सुटत नव्हता, हे मला मान्य आहे. कुणाचीही पेटी बंद पडू द्यायची नाही एवढाच त्यांचा ध्यास होता.

"तुमचं घर शांत आहे ताई. जुन्या डिस्कला शांत घर मानवतं. आणि तुमच्या दोन गेल्या तरी चालणार होतं."

"गेल्या तर चालणार होतं. तुम्ही काढल्यात."

त्यांनी हातातला ट्रे पालथा केला.

"माझी वही तुम्ही मिटायला लावलीत," मी म्हटलं. "आवाज बंद केलात. आणि मी तुम्हाला धन्यवाद म्हणाले होते."

"ते मला लागलं होतं," काका म्हणाले.

मला रडू आलं नाही, हे नवल. मला फक्त ती बिस्किटं आठवत राहिली. मला फसवायला कुणी परका आला असता तर मी दाराची साखळी काढली नसती. यांना मी कपाटाची किल्ली कुठे असते ते सांगून ठेवलं होतं. आणि फसवलं ते कशाने, तर माझ्या काळजीने. मी काळजी करते, म्हणून माझी काळजी काढून घेणारा माणूस मला देवासारखा वाटला.

त्यांनी चौथ्या ट्रेला कान लावला. आतून टिक, टिक, मग मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज येत होता. "ही आजचा दिवस काढेल, उद्याचा नाही," असं म्हणून ते उठले आणि गेले. तासाभरात परत आले तेव्हा हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. टेबलावर टॉवेल उघडला. दोन डिस्का. पट्ट्यांवर पहिल्या ओळीत आमचे क्रमांक, दोन आणि चार, तास शून्य, आमची तारीख. खाली दुसरी ओळ, त्याच शाईत: दवाखाना, आणि तिथे लावल्याची तारीख. एकही गोष्ट लपवलेली नव्हती. फक्त ती वाचायला डिस्क बाहेर काढावी लागत होती.

"दवाखान्याचं काय?" मी विचारलं.

"तिथे दोन गेल्या तरी चालतं."

"बाईंना सांगितलंत?"

"त्या पेशंटपाशी होत्या." मग टॉवेलची घडी घालत म्हणाले, "तिथला आवाजही बंद आहे."

आता मी जे लिहिणार आहे ते गाळता आलं असतं. मला माहीत होतं काय म्हणायला हवं. परत नेऊन लावा, आधी त्यांना सांगा, आमचं आम्ही बघू. दाताच्या बाईंकडे मी स्वतः दोन दाढा भरून घेतल्यात. त्यांनी माझा हात धरून भूल दिली होती, कारण मी सुईलाही घाबरते. पण समोर चौथी डिस्क टिकटिकत होती आणि या दोन आमच्याच होत्या. मी स्वतःला तेवढंच सांगितलं, आमच्याच आहेत. मी हात पुढे केला. दुसऱ्या ट्रेमध्ये डिस्क मीच बसवली, स्क्रू मीच आवळले. आणि ट्रे ढकलण्याआधी पट्टी आतल्या बाजूला केली.

पेटी भरायला लागली. अजून किती तास लागतील ते पडद्यावर दाखवत ती टक्का टक्का सरकत होती. काका दिवसभर बोळकांडीत स्टूल टाकून बसले, मान तिरकी करून, जिन्याखाली बसल्यासारखे. मी त्यांना चहा विचारला नाही. दुपारी हे आले, त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

संध्याकाळी लेक रिकाम्या हाताने परत आली. लाल दिव्याच्या जागी हिरवा लुकलुकताना पाहून ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"कुठून मिळाली?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपलीच आहे," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन क्रमांकाची भरून झाली, मग चौथ्या जागी चार क्रमांकाची लावली, तीही दीड दिवसात भरली. बावीसच्या बावीस मुलं जागेवर होती. तिपाईला बाबा म्हणणारी मुलगीसुद्धा. लेकीने पेटीचा आवाज स्वतः सुरू केला आणि मार्गदर्शक बाईंच्या एका जुन्या पेटीत दुसरी प्रत काढायला घेतली. काकांशी ती एक शब्दही बोलली नाही. तिच्या लेखी चोर ते एकटेच होते.

मी दवाखान्यासाठी दोन नव्या डिस्का मागवल्या. कौलं नाहीत हे सातव्या पानापर्यंत वाचून, दोन वेगळ्या दुकानांतून. यायला वीस दिवस लागले. ते वीस दिवस मी रोज भाजी आणायला नाक्यावरून गेले आणि दवाखान्याची पाटी लागलेली आहे ना ते बघून आले. आत काही बिघडलं असतं तर पाटीवरून कसं कळणार होतं, ते मला सांगता येणार नाही. दोनदा पायरी चढले. दोनदा उतरले.

डिस्का आल्यावर काका म्हणाले, द्या, मी लावून येतो. मी म्हटलं, मी बरोबर येणार. माझ्यासमोर लावायच्या.

दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसणारी मुलगी काकांना बघून उभीच राहिली. "बरं झालं आलात काका. तुम्ही तो भोंगा बंद करून दिल्यापासून किती शांत झालंय इथे. बाई कधीच्या म्हणतायत, तुम्हाला धन्यवाद द्यायचे राहिलेत."

काका पेटीपाशी वाकले होते. त्यांची मान इतकी खाली गेली की मला फक्त कॉलर दिसली. मी म्हटलं, "आधी आवाज सुरू करा."

त्यांनी केला. पेटी किंचाळली. बाकावरच्या सुजलेल्या गालाच्या माणसाने दचकून वर पाहिलं. मुलीने कानांवर हात ठेवले आणि विचारलं, काय झालं, किती वेळ वाजणार हे?

"दोन-तीन दिवस," मी म्हटलं. "वीस दिवसांपासून यात दोन डिस्का नाहीत. त्या माझ्या घरी आहेत."

तिला काही कळलं नाही. मी म्हटलं, बाई मोकळ्या झाल्या की मला आत पाठव, मी थांबते. आणि त्या सुजलेल्या गालाच्या माणसाशेजारी जाऊन बसले. पेटी वाजत होती. काकांनी नव्या डिस्कवर पट्टी चिकटवली, खिशातून पेन काढलं, लिहिलं, थांबले.

"ताई," त्यांनी मागे न बघता विचारलं, "आज तारीख काय?"

मी सांगितली. लेकीला दवाखान्याचं हे मी अजून सांगितलेलं नाही.